एस्टिमेटमधलं ‘सॉफिट’ म्हणजे काय, ते मोजायचं कसं आणि छपाईआधी (प्लास्टरआधी) त्यात काय बघायचं

दर्यापूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय: गावात २५ बाय ४० फुटांचं स्लॅबचं घर काढलंय, मागे टिनाची छपरी राहणार आहे. इंजिनिअरच्या एस्टिमेटमध्ये ‘स्लॅब सॉफिट’, ‘बीम सॉफिट’, ‘छज्जा सॉफिट’ असे शब्द सेंट्रिंगमध्येही (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या कामात) आहेत आणि छपाईतही. ठेकेदार म्हणतो सॉफिटचे पैसे वेगळे. भाच्यानं मोबाईलवर सॉफिट पॅनेलचे व्हिडिओ दाखवले, त्यात तर छपराच्या बाहेर आलेल्या भागाखाली पट्ट्या ठोकत होते. मग सॉफिट म्हणजे नक्की काय, आणि एकाच कामाचे पैसे दोनदा तर जात नाहीत ना?

भाऊ, अर्थ सोपा आहे. तुम्हाला घोर लागलाय तो पैशांचा, आणि तो लागायलाच पाहिजे. पण त्याहून मोठी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, ती मी शेवटी न ठेवता मध्येच सांगणार आहे, कारण तुम्ही राहता तो खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग.

आधी अर्थ. बांधकामातल्या डोक्यावरच्या कुठल्याही भागाची खालची बाजू म्हणजे सॉफिट. स्लॅबखाली उभं राहून मान वर केली की दिसतं ते स्लॅबचं सॉफिट. बीमची जमिनीकडची अरुंद बाजू ते बीमचं सॉफिट. लिंटल (दार-खिडकीच्या वरचा आडवा बीम), छज्जा, बाल्कनी, जिन्याचा तिरपा स्लॅब, कमान, सगळ्यांना ते असतं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात लोक मान वर करून कोरीव काम बघतात, तीही छताची खालचीच बाजू. जुन्या वाड्यांत कड्यांवर पाट टाकून केलेला कडीपाट खालून दिसतो, तोही तोच. आपले सेंट्रिंगवाले सरळ ‘बॉटम’ म्हणतात आणि छपाईचे मिस्त्री ‘सीलिंग’. यातला ‘बॉटम’ बरोबर आहे. ‘सीलिंग’मध्ये मात्र थोडा घोळ होतो, कारण उद्या तुम्ही खाली पीओपीचं सीलिंग टांगलं तर खोलीचं सीलिंग ते, आणि स्लॅबचं सॉफिट त्याच्या वर झाकलेलं.

भाच्याच्या व्हिडिओतलं सॉफिट वेगळं नाही, फक्त जागा वेगळी. अमेरिका-कॅनडात लाकडी सांगाड्याची, उतरत्या छपराची घरं जास्त. तिथे छप्पर भिंतीच्या बाहेर येतं त्या भागाची खालची बाजू व्हिनाइल, अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबर सिमेंटच्या पट्ट्यांनी बंद करतात. पट्ट्यांना बारीक छिद्रं असतात. हवा तिथून आत शिरते, माळ्यातून फिरते आणि आढ्याकडून बाहेर पडते. तिकडे बोलण्यात सॉफिट म्हटलं की बहुतेक हेच. तुमच्या एस्टिमेटचा त्याच्याशी संबंध नाही. टिनाच्या छपरीपुरता थोडा येतो, त्यावर पुढे बोलू.

आता पैसे. एकच सॉफिट दोन बिलांत येणं ही लबाडी नाही. स्लॅब टाकताना त्याखाली प्लेटा लागतात, त्या सेंट्रिंगच्या बिलात. नंतर त्याच बाजूला छपाई केली तर ती छपाईच्या बिलात. दोन कामं, दोन दाम. भांडायची जागा वेगळी आहे: एकाच बिलात तोच भाग दोनदा मोजला जातो का, आणि छपाई होतच नाही असं सॉफिट छपाईत धरलंय का.

उदाहरण घ्या. तुमचा हॉल आतून १२ बाय १८ फूट आहे आणि मध्ये आडवा एक बीम आहे, ९ इंच रुंद, स्लॅबच्या खाली १ फूट लोंबणारा. हॉलचं छत सरसकट मोजलं तर २१६ चौरस फूट. बीमचं सॉफिट १२ गुणिले पाऊण, म्हणजे ९. बीमच्या दोन बाजू २४. काही मिस्त्री तिन्हींची बेरीज करून २४९ लावतात. पण बीम जिथे आहे तिथे स्लॅबचं सॉफिट उघडं नसतंच, ते बीमने व्यापलंय. म्हणून स्लॅब २०७, बीमचं बॉटम ९ आणि बाजू २४, एकूण २४०. सोप्या हिशेबाने, खोली सरसकट मोजा आणि बीमच्या फक्त दोन बाजू वाढवा. बॉटम वेगळं लावायचं नाही.

९ चौरस फुटांवर कोणी घर विकत नाही, पण पुढचा मुद्दा मोठा आहे. तुमच्या घरातले बहुतेक बीम ९ इंची भिंतीच्या डोक्यावर, भिंतीच्या रुंदीचेच असणार. त्यांच्या बॉटमला खालची भिंत टेकलेली असते. कॉलम-बीमचा सांगाडा आधी करून भिंती नंतर चढवल्या तर त्या बॉटमला सेंट्रिंग खरंच लागलेली असते, म्हणून सेंट्रिंगच्या बिलात ते बरोबर. छपाईच्या बिलात मात्र त्याचा शून्य. खाली साडेचार इंची भिंत असेल तर उरलेली साडेचार इंचाची पट्टीच छपाईत धरायची. एस्टिमेटमध्ये सेंट्रिंगचा बीम सॉफिटचा आकडा आणि छपाईचा आकडा अगदी सारखा असेल, तर कोणीतरी सेंट्रिंगचा आकडा तसाच छपाईत उतरवून घेतलाय एवढं समजा आणि इंजिनिअरला शांतपणे विचारा.

स्लॅबच्या बाबतीतही हेच होतं. घर बाहेरून २५ बाय ४० म्हणजे १००० चौरस फूट. बाहेरच्या भिंती ९ इंची धरल्या तर आतून २३.५ बाय ३८.५ राहतं, म्हणजे साधारण ९०५. आतल्या भिंती वजा केल्या की आणखी कमी. सीलिंगची छपाई १००० चौरस फूट लावली असेल तर जवळजवळ एक ब्रास (१०० चौरस फूट) हवेतच गेला. सेंट्रिंगमध्येही काँक्रीटला टेकणारा भागच मोजतात. स्लॅब जेवढा थेट विटांच्या भिंतीवर बसतो तेवढ्या भागाला प्लेट लागत नाही.

खिडकी-दरवाजाच्या वरच्या सॉफिटचं विचारलं नाही तुम्ही, पण बिलात ते येईल. भारतीय मानक आयएस १२०० मध्ये छपाई मोजण्याची रीत ठरलेली आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर काहीच वजा करायचं नाही. अर्धा ते ३ चौरस मीटरमध्ये, दोन्हीकडून एकाच प्रकारची छपाई असेल तर एका बाजूचं क्षेत्र वजा करायचं आणि आतल्या उभ्या कडा, वरचं सॉफिट, खालची कड यांचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. ३ च्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा आणि कडा-सॉफिट वेगळे. साडेतीन बाय सातचा दरवाजा सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास जातो. म्हणजे आपल्याकडच्या घरातली जवळपास सगळी दारं-खिडक्या मधल्या गटात. तिथे ‘लिंटल सॉफिट’ म्हणून वेगळी ओळ दिसली तर ती कापायला सांगा. नाहीतर दोन्ही बाजूंची वजावट धरून कडांचे पैसे लावू द्या. दोन्हीकडून खाणं नको.

हे सगळं लागू होतं ते तुमचा करार आयटमवार, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर लावून, असेल तर. गावाकडे बहुतेकदा तसा नसतो. ‘इतक्या रुपये स्क्वेअर फुटाने लेबर, जोत्यापासून छपाईपर्यंत’ असं तोंडी ठरतं. तसं असेल तर सॉफिटची छपाई त्या दरातच आली, आणि आता वेगळी मागणी म्हणजे बोलणं फिरवणं. पण काही ठेकेदार आधीच सांगतात की छज्जे, जिन्याखालचा भाग आणि सीलिंग सोडून. म्हणून इथे बसून मी ठेकेदाराला चोर म्हणणार नाही. तुमचं काय ठरलं ते तुम्हाला आणि त्याला माहीत. अजून काम सुरू व्हायचं असेल तर एका कागदावर लिहून घ्या: सीलिंगची छपाई दरात आहे की नाही, छज्ज्याची खालची बाजू आहे की नाही, मोजमाप आतून की बाहेरून.

आणि एक विचारतो, सीलिंगची छपाई करायचीच आहे का? प्लेटा चांगल्या, सपाट असतील तर मी मालकाला सरळ पुट्टी मारायला सांगतो. करायचीच तर ६ मिलिमीटरची, १ ला ३ ची (सिमेंट १, वाळू ३). ती टिकावी म्हणून प्लेटा निघाल्या की काँक्रीट कच्चं असतानाच छिन्नीने टाचे मारून घ्यायचे आणि आधी पाणी मारायचं. स्लॅबला पोक आहे म्हणून मिस्त्री इंच-सव्वा इंच मसाला चढवून पातळी काढतो, तो मसाला चार-पाच उन्हाळे धरतो आणि मग एक दिवस पंख्याभोवतीचा पापुद्रा खाटेवर येतो. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅब दिवसा तापतो, रात्री निवतो. दोन थरांची ओढाताण रोज चालते. ज्याला खाली पीओपी टांगायचं आहे त्याने तर सॉफिटला छपाई करून पैसा वाया घालवूच नये.

आता ती मधली गोष्ट. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो आणि दर्यापूर त्यात आहे. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण तेच पाणी बांधकामाला बिनधास्त वापरलं जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर चालतं. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला २००० पर्यंत सूट आहे. काँक्रीटमधला चुन्याचा अल्कली गुण सळईला गंजू देत नाही. क्लोराइड ते संरक्षण फोडतं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो.

हे नेमकं सॉफिटलाच का दिसतं? स्लॅब दोन भिंतींच्या मध्ये वजनाने खाली वाकू बघतो. वाकताना खालची बाजू ताणली जाते. काँक्रीट ताण सोसत नाही, म्हणून मुख्य सळया मधल्या भागात तळाशी टाकतात. म्हणजे स्लॅबचं सगळं बळ सॉफिटपासून जेमतेम पाऊण इंचावर आहे. साध्या परिस्थितीत स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगितलंय. गावात काय होतं? सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवायचे तिथे गिट्टीचे खडे किंवा फरशीचे तुकडे सारतात. माल टाकताना मजूर जाळीवर नाचतात, खडे निसटतात, सळई प्लेटीला टेकते. वरून कोणाला काही दिसत नाही.

दिसतं ते प्लेटा काढल्यावर. म्हणून माझा आग्रह असतो की सेंट्रिंग निघाल्यापासून छपाईला हात लागेपर्यंत मालकाने एकदा सकाळच्या उजेडात, हातात बॅटरी घेऊन सगळं सॉफिट बघावं. सपाट करड्या पृष्ठभागावर प्लेटांच्या सांध्यांच्या बारीक उभार रेषा असतात, तेलाचे डाग असतात, त्याने बिघडत नाही. पण सरळ, ठरावीक अंतरावर, एकाच दिशेने जाणाऱ्या फिक्या तपकिरी रेषा दिसल्या तर त्या सळया आहेत, कव्हर नाही. बॅटरी भिंतीला लावून तिरपा उजेड पाडला की त्या आणखी उठून दिसतात. बीमच्या बॉटमला, विशेषतः कॉलमजवळ सळयांची गर्दी असते तिथे, गिट्टी सुटी दिसेल आणि मध्ये पोकळ्या असतील, त्याला हनीकोंब म्हणतात. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगलं काँक्रीट खणखणीत बोलतं, पोकळ जागा बद्द.

मिस्त्री लगेच थापी घेऊन ‘साहेब, छपाईत झाकून टाकतो’ म्हणेल. झाकू देऊ नका. सुटी गिट्टी छिन्नीने पूर्ण काढायची, तारेच्या ब्रशने साफ करायचं, पाण्याने धुवायचं आणि मग पॉलिमर घातलेला घट्ट मसाला दाबून भरायचा. बीममध्ये सळई उघडी दिसत असेल तर आधी इंजिनिअरला बोलवा, भरणं नंतर. आणि पाणी? बोअरचं पाणी स्लॅबच्या आधीच तपासून घ्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत क्लोराइडचा आकडा मिळतो. मर्यादेच्या वर निघालं तर स्लॅब-बीमच्या मालाला नळयोजनेचं किंवा गोड्या विहिरीचं टँकर आणा. १ ला दीड ला ३ च्या (सिमेंट, वाळू, गिट्टी) मालाला एका पोत्यामागे ३० लिटरच्या वर पाणी घालायचं नसतं, त्यामुळे मालाचं पाणी फार महाग पडत नाही. मुरवणीला (टाकलेलं काँक्रीट ओलं ठेवायला) मात्र पाणी खूप लागतं आणि तिथेच लोक खारं पाणी सोडतात. शक्य असेल तर तेही टाळा. पोटॅश-बिटॅश, गंजरोधक पावडर असले उपाय कोणी विकायला आला तर चांगलं पाणी आणि चांगलं कव्हर यांच्यानंतर त्यांचा नंबर.

सेंट्रिंग काढायच्या घाईचंही बोलतो. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात म्हणून ठेकेदार खोलायला टपलेला असतो. आयएस ४५६ मध्ये याचे दिवस दिलेत: साध्या पोर्टलंड सिमेंटला, टेकू पुन्हा लगेच लावणार असाल तर स्लॅबचं सॉफिट ३ दिवसांनी आणि बीमचं ७ दिवसांनी उघडता येतं. टेकूच काढायचे असतील तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याच्या वर १४; बीमला ६ मीटरपर्यंत १४ आणि त्याच्या वर २१. आता बाजारात बहुतेक पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) मिळतं, ते सावकाश जोर धरतं, त्यामुळे मी या दिवसांत भर घालतो. प्लेटा काढून मधल्या बल्ल्या तशाच ठेवल्या असं ठेकेदार सांगेल. जाऊन बघा, की आधी सगळ्या पाडून मग दोन-चार नावापुरत्या उभ्या केल्यात.

छज्ज्याचं गणित उलटं आहे. तो एका बाजूने भिंतीत धरलेला आणि दुसरीकडे मोकळा, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई वर हवी. मजुराच्या पायाखाली ती खाली बसली की छज्जा भिंतीजवळ वरून तडकतो. सॉफिट स्वच्छ दिसलं म्हणून छज्जा मजबूत असं समजू नका. त्याच्या सॉफिटचं दुखणं वेगळं, पाण्याचं. पावसाचं पाणी छज्ज्याच्या कडेवरून खाली पडायच्या ऐवजी खालच्या बाजूला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येतं आणि खिडकीच्या वर ओल धरते. त्याला उपाय फुकटचा आहे. छपाई करतानाच छज्ज्याच्या पुढच्या कडेपासून इंचभर आत, खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी खाच पूर्ण लांबीभर ओढायची. पाणी खाचेशी आलं की तिथेच थेंब होऊन तुटतं. खाच भिंतीपर्यंत नेऊन चिकटवू नका, थोडी अलीकडे थांबवा. छज्ज्याच्या छपाईचे वेगळे पैसे मागतोय ना तो? द्या, पण खाच असेल तरच. बाल्कनी असेल तर तिथेही हीच.

उंचीचं एक. ‘सॉफिट लेव्हल’ नकाशात लिहिलेली असते. लिंटलचं सॉफिट तयार फरशीपासून ७ फुटांवर धरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची फरशीपासून छताच्या खालपर्यंत किमान २.७५ मीटर आणि बीमखाली मोकळी २.४ मीटर सांगितलीय. जिन्याखालून ये-जा असेल तर तिथे २.२. फरशीचा थर धरायला विसरतात आणि मग जिन्याखाली कपाळ आपटतं, म्हणून विटांपासून नाही, तयार फरशीपासून मोजा.

आता तुमची टिनाची छपरी. तिथे पीव्हीसीचे पॅनेल ठोकायचे का, तर मी ठोकणार नाही. खालून बंद केलं की टिन आणि पॅनेल यांच्यामध्ये हवा कोंडते, उन्हाळ्यात पॅनेल पोटात येतं, आणि आत गांधीलमाशा, खारी राहायला येतात. वर माकडं नाचली की स्क्रू ढिले होतात ते वेगळंच. छपरीत गुरं किंवा चारा असेल तर हवा खेळतीच पाहिजे. हिवाळ्यात पहाटे टिनाच्या खालच्या बाजूला पाणी सुटून टपकतं, ते बंद जागेत जास्त सुटतं. छपरी राहायला वापरायची असेल आणि उष्णता सोसत नसेल, तर टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूचा तट्टा बांधा आणि दोन्ही टोकांना, वळचणीकडे आणि वरच्या अंगाला, हवेसाठी फट ठेवून तिला बारीक जाळी लावा. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीत बाहेर आलेल्या पाखाखाली उभं राहून वर बघा, कवेलूखाली बांबू आणि लाकूड तसंच उघडं दिसतं. तट्ट्याला उधई लागू नये म्हणून तो भिंतीला थेट टेकवू नका. आणि छपरीत चूल मांडणार असाल तर तट्टाही नको, टिन उघडंच राहू द्या.

छज्ज्याची लांबी-रुंदी आणि हॉलमधल्या मोकळ्या बीमांची संख्या कळवली तर तुमच्या छपाईचा आकडा इथेच काढून देतो. सेंट्रिंग निघाल्यावर हॉलच्या बीमच्या बॉटमचे फोटो टाका, छपाईच्या आधी.